पान्हा कोणत्या लेखाशीर्षात बसतो?

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एक छोटा संशोधन-प्रस्ताव तयार केला होता. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी हे गाव आहे. कुंभारीत आणि आसपासच्या दहा गावांत जनावरे पाळणाऱ्या माणसांची भाषा गोळा करावी, एवढाच तो प्रस्ताव. जनावरांच्या वयाची, रंगांची, खोडींची आणि आजारांची नावे. त्यांना हाकताना, बोलावताना, धार काढताना, बाजारात विकताना माणूस जे बोलतो ते. आणि त्या बोलण्यामागचा व्यवहार. मागितलेली रक्कम होती एक लाख ऐंशी हजार रुपये. त्यात एक ध्वनिमुद्रक, प्रवासखर्च आणि आमच्याशी बोलण्यात ज्यांचा रोज बुडेल त्यांना त्या रोजाची भरपाई. भाषा-साहित्याला निधी देणाऱ्या एका संस्थेने हा विषय पशुवैद्यकाचा असल्याचे सांगून प्रस्ताव परत केला. आम्ही तो पशुविज्ञानाला निधी देणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे पाठवला. तेथून उत्तर आले, की विषय भाषेचा आहे. दोन्ही कागद आम्ही एकाच फायलीत, एकापाठोपाठ एक लावून ठेवले आहेत.

हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. ज्या दोन अधिकाऱ्यांनी ती पत्रे लिहिली त्यांनी आपापल्या नियमावलीचे पालनच केले. प्रश्न त्या नियमावलीमागच्या समजुतीचा आहे. जनावर ही एक वस्तू, माणूस ही दुसरी. पहिलीचा अभ्यास विज्ञानाने करावा, दुसरीचा मानव्यविद्यांनी. आणि या दोहोंच्या मध्ये जे काही घडते ते कोणाच्याच हद्दीत येत नाही, अशी ही समजूत आहे. आमचे म्हणणे असे, की महाराष्ट्राच्या खेड्यातील निम्मे आयुष्य याच मधल्या जागेत घडत आले आहे आणि तिच्या अभ्यासासाठी पैसा नसणे ही आता केवळ आमच्यासारख्या दोन मराठीच्या प्राध्यापकांची अडचण राहिलेली नाही.

'पान्हा' हा एक शब्द घ्या. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती एक संप्रेरकाची क्रिया आहे. वासराने ढुशी दिली, कासेला ओळखीचा हात लागला, की ऑक्सिटोसिन स्रवते आणि दूध उतरते. परंतु धार काढणारा माणूस बदलला तर हीच म्हैस आटल्यासारखी उभी राहते आणि गोठ्यातली बाई म्हणते, 'म्हशीनं पान्हा चोरला.' या वाक्यात म्हशीला इच्छा आहे, स्मरण आहे, नापसंती आहे आणि चोरी करण्याइतकी बुद्धी आहे. हे अलंकारिक बोलणे नव्हे. ती बाई आपला रोजचा अनुभव सांगत असते. हे नाते जेथे संपले तेथे सुई आली. ऑक्सिटोसिनच्या गैरवापराचे कारण देऊन केंद्र सरकारने २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांना त्याच्या उत्पादनास मनाई केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. वाद औषध कंपन्या, सरकार आणि न्यायालय यांच्यात झाला. पान्हा म्हणजे काय हे ज्या बाईला ठाऊक आहे तिला त्यात कोणी साक्षीला बोलावल्याचे आम्हांस आठवत नाही.

आता कोणी म्हणेल, की पैसाच नाही, तर मागता कशाला? पैसा आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत जनावरांवर, विशेषतः गायीवर, सरकारी पैसा आणि सरकारी शब्द यांची कमतरता भासलेली नाही. देशी गोवंशाच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय गोकुळ मिशन २०१४ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशी गायींपासून मिळणाऱ्या उत्पादनांवरील संशोधनासाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा पाचशेहून अधिक वैज्ञानिकांनी निवेदन काढून विरोध केला. देशी गाय विशेष आहे हे आधीच गृहीत धरून तिचे विशेषत्व सिद्ध करण्यास पैसा दिला जात आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय कामधेनू आयोगाने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी देशभर 'गो-विज्ञाना'ची परीक्षा घेण्याचे ठरवले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने कुलगुरूंना पत्र लिहून विद्यार्थ्यांना तीस बसण्यास प्रोत्साहन देण्यास सांगितले. परीक्षेच्या साहित्यातील दाव्यांवर टीका झाली आणि ती पुढे ढकलण्यात आली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीस 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिनी ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला.

गायीला चारा मिळाला याचे आम्हांला दुःख नाही. आमची हरकत दोन गोष्टींना आहे. पहिली ही, की उत्तर आधी लिहून मग प्रश्नाला निधी देणे याला संशोधन म्हणत नाहीत. दुसरी आम्हां मराठीवाल्यांना अधिक बोचणारी आहे. त्या वैज्ञानिकांनी आपल्या शास्त्राच्या बाजूने सही केली. गाय ज्यांच्या अभ्यासविषयात पानोपानी आहे ते आम्ही साहित्याचे अध्यापक त्या वेळी काय करत होतो? आम्ही गप्प होतो. 'माता' हा शब्द शासननिर्णयात आला तेव्हा त्या शब्दाचा इतिहास, त्यातले वात्सल्य आणि त्यातली सोय हे उलगडून दाखवण्याचे काम आमचे होते. ते आम्ही केले नाही.

शासनाच्या भाषेत गायीला दोनच रूपे उरली आहेत: एक तर ती माता आहे, नाही तर प्रतिदिन इतके लिटर देणारे यंत्र. ज्याच्या दावणीला ती बांधलेली असते त्याचे नाते या दोन्हींत बसत नाही. तो तिला नाव देतो, बेंदराला तिच्या जोडीदाराची शिंगे रंगवतो, दुष्काळात आपल्या आधी तिच्या वैरणीची चिंता करतो आणि कधीतरी तिला विकतोही. विकणे हा त्या नात्याचाच एक भाग होता. त्या विकण्यातले अपराधीपण, त्यातली अपरिहार्यता हा मराठी ग्रामीण कथेचा जुना विषय आहे. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. या बंदीने म्हाताऱ्या बैलाच्या बाजारभावाचे काय झाले, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो थोडाफार विचारला गेला आहे. परंतु ज्या नात्याचा शेवट कायद्याने बदलला, त्या नात्याचे मधल्या काळातले स्वरूप कसे बदलले? गोऱ्हा जन्मला म्हणजे घरात आता कोणता चेहरा होतो? या प्रश्नाला कोणाच्याही अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नाही.

हे सारे आम्ही भाषेच्या अंगाने का मागतो, तेही सांगितले पाहिजे. सांगोल्याचा आठवडी जनावरांचा बाजार हा राज्यातल्या मोठ्या बाजारांपैकी एक. तेथे खिल्लार खोंडाचे वय महिन्या-वर्षांत कोणी विचारत नाही. दात पाहतात. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला: हे वयाचे मराठी कोष्टक आहे आणि ते जनावराच्या तोंडात लिहिलेले आहे. भाव ठरतो तो रुमालाखाली, बोटांनी. हेड्याचा हात आणि शेतकऱ्याचा हात कापडाआड काय बोलले हे शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. गाभण, भाकड, हरणी, बांडी, कोसा, मारकी, लाथाडी ही शब्दसंपत्ती नुसती यादी नाही. तिच्यात पाहण्याची एक पद्धत साठवलेली आहे. आणि याखेरीज मराठीचा एक थर असा आहे, की जो माणूस माणसाशी कधीच बोलत नाही. बैल वळवण्याचा, मेंढरे थांबवण्याचा, कोंबड्या बोलावण्याचा, कुत्र्याला चुचकारण्याचा आवाज वेगवेगळा असतो, गावागणिक बदलतो. कुंभारीच्या बाजूला कन्नड आणि मराठी शेजारी-शेजारी नांदतात. एकाच घरात बेंदूर आणि कारहुणवी असे दोन सण जनावरांसाठी होतात. घरात कन्नड, शाळेत मराठी बोलणारा मुलगा शेळ्यांशी कोणत्या भाषेत बोलतो? आमच्या भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही स्वन, स्वनिम, बोलीभूगोल सगळे शिकवतो. हा प्रश्न आम्ही स्वतः वर्गात कधी विचारला नव्हता.

तो एका विद्यार्थिनीने विचारायला लावला. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणशास्त्र सक्तीचे होते आणि ज्याचा कार्यभार कमी भरेल त्या विषयाच्या अध्यापकाकडे ते सोपवले जाई. म्हणजे बहुधा मराठीच्या. प्रकल्प म्हणून मुले इंटरनेटवरून 'जागतिक तापमानवाढ' उतरवून आणत. या मुलीने घरच्या सात शेळ्यांवर अकरा पाने लिहून आणली. कोणती शेळी कोणाच्या मागे जाते, कोणती करडाला जवळ घेत नाही, बोकड विकायच्या दिवशी आई घरी का थांबत नाही. गुणपत्रिकेत रकाने होते: विषयाची निवड, आकडेवारी, आलेख, निष्कर्ष, संदर्भ. तिच्याकडे आलेख नव्हता. आम्ही तिला उत्तीर्ण होण्यापुरते गुण दिले. त्या अकरा पानांसाठी आमच्या हाती मोजपट्टी नव्हती, ही गोष्ट तेव्हा आम्हांला जाणवलीही नाही. संशोधनाचा पैसा आणि शिक्षणाचा रकाना हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असे आम्ही म्हणतो ते या अनुभवावरून. ज्याच्यावर संशोधन होत नाही त्याला अभ्यासक्रमात रकाना मिळत नाही, आणि रकाना नाही म्हणून पुढच्या पिढीचा संशोधक तिकडे वळत नाही.

काळ थांबलेला नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील संकरित व विदेशी गुरे २०१२ च्या तुलनेत सुमारे २७ टक्क्यांनी वाढली आणि देशी गुरे सुमारे ६ टक्क्यांनी घटली. गाढवांची घट तर ६१ टक्के. साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास गाढवे उरली. कुंभारी या गावाच्या नावात कुंभार ऐकू येतो आणि कुंभार म्हटला की पाठीवर माती वाहणारे गाढव आलेच. जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार अजून भरतो. पण मातीची ने-आण ट्रॅक्टरने होऊ लागली, वीटभट्टीवर यंत्रे आली, आणि एका जनावराबरोबर त्याला हाकणाऱ्यांची भाषाही निघून चालली आहे. आमच्या वर्गात मात्र गाढव एकदाच येते. रामेश्वराकडे न्यायची गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा सांगताना आमचा कंठ दाटतो. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) शिकवताना तो दाटत नाही. तेथे कैकाडी कुटुंबाचा सगळा संसार गाढवांच्या पाठीवर आहे. 'उपरा'वर आम्ही जात, भटकेपण, शिक्षण, भाषा या मुद्द्यांचे प्रश्न काढतो आणि ते योग्यच आहे. ज्या पाठीवर हे सर्व लादलेले आहे तिच्याकडे पाहण्याचा प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही.

याच ठिकाणी एक गंभीर आक्षेप येतो आणि तो आमच्या दलित सहकाऱ्यांनी आमच्यासमोर मांडला आहे. माणूस आणि जनावर यांच्या 'नात्या'बद्दल गहिवरून बोलणारे लोक सोयीस्करपणे विसरतात, की मेलेले जनावर कोणी ओढावे हे या समाजात जातीने ठरत होते. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत मृत जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडणे ही मुक्तीची पायरी होती. जनावराच्या सान्निध्यावरूनच माणसाला हीन ठरवले गेले. मग या नात्याच्या अभ्यासाला पैसा मागणे म्हणजे जुन्या गावगाड्याचे रम्य चित्र पुन्हा रंगवणे नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच अभ्यास हवा. या नात्याचे निरूपण आज दोघांच्याच हाती आहे: गोमातेचे भजन गाणाऱ्यांच्या आणि दुग्धोत्पादनाचे तक्ते काढणाऱ्यांच्या. दोघांनाही त्यातली जात दिसत नाही. ती दिसते दलित आत्मकथनांत, आणि ती वाचण्याची विद्या आमच्या विभागांकडे आहे. निधी मागताना आम्ही निरागस नात्याचा अभ्यास मागत नाही. गोठा झाडणारा, धार काढणारा, दूध पिणारा, कातडे काढणारा आणि अनुदान घेणारा अशा पाच निरनिराळ्या माणसांचे एकाच गायीशी असलेले पाच संबंध शोधण्यासाठी तो हवा आहे.

दुसरा आक्षेप: हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे. यात तथ्य आहे, आणि दोष आमचाच आहे. १९९७ साली देरिदा आपल्या मांजरीसमोर विवस्त्र उभा राहिल्याचे व्याख्यानात सांगतो काय, आणि तेव्हापासून ती मांजर आमच्या चर्चासत्रांतून फिरते काय! २०१० च्या नियमावलीने गुणांक आणले, त्यानंतर निबंधांचा पूर आला. सिंगर, देरिदा, हॅरवे यांची अवतरणे आणि शेवटी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'वर (१९८२) दीड पान, हा साचा आम्ही स्वतःही वापरला आहे. त्या दीड पानासाठी सांगोल्याच्या बाजारात रविवारची एक सकाळ उभे राहावे असे आम्हांला वाटले नाही. कारण प्रमाणपत्र चर्चासत्राला मिळते, बाजारात उभे राहण्याला मिळत नाही.

खरे तर या अभ्यासाची परंपरा आमच्याच मातीत आहे. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाने आमच्याच जिल्ह्यातील पंढरपूरच्या दैवताचा माग गवळी-धनगरांच्या लोकदैवतापर्यंत नेला. गुरे-मेंढरे राखणाऱ्यांच्या श्रद्धेकडे गांभीर्याने पाहिले म्हणून मराठीच्या सर्वांत मोठ्या दैवताचा अर्थ बदलला. याहून मोठी फलश्रुती कोणत्या संशोधनाने दाखवावी? धनगरांच्या ओव्या, बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांचा मूलगामी अभ्यास गुंथर सोन्थायमर यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत निघाला, इंग्रजीत १९८९ मध्ये आला, आणि त्यामागे हायडेलबर्ग विद्यापीठ उभे होते. मेंढरामागे चालणाऱ्या मराठी माणसाची ओवी ऐकण्यासाठी पैसा जर्मनीत होता, हे वाक्य आम्हांला लाज वाटेपर्यंत पुनःपुन्हा लिहिले पाहिजे. तिसरे नाव मारुती चितमपल्ली यांचे. १९३२ मध्ये सोलापुरात जन्म, वनखात्यात नोकरी, २००६ मध्ये सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, २०२५ मध्ये पद्मश्री आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच निधन. रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची नावे गोळा करण्याचे त्यांचे काम कोणत्या मराठी विभागाच्या छत्राखाली झाले? कोणत्याच नाही. ढेरे यांचे बहुतांश आयुष्य विद्यापीठीय पदाबाहेर गेले. चितमपल्लींचा पगार वनखात्याचा होता.

या थोरांची उदाहरणे देऊन आम्हांला नेहमी सांगण्यात येते: 'त्यांनी काही अनुदान मागितले नव्हते.' पदरमोडीचा हा गौरव आता पुरे झाला. पदरमोड करून एखादे ढेरे निर्माण होतात. त्यामागे किती जण वीजबिल भरता न आल्याने वह्या गुंडाळून ठेवतात, याची मोजदाद कोणी करत नाही. जिल्ह्याच्या विद्यापीठाला २०१९ मध्ये अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. मेंढपाळ समाजातून आलेल्या राज्यकर्तीचे नाव प्रवेशद्वारावर आहे, याचा आम्हांला आनंद आहे. मेंढपाळांच्या विद्येला त्या दारातून आत येता यावे, एवढी अपेक्षा त्या नावातूनच निघते.

तिसरा आक्षेप सर्वांत सोपा आणि सर्वांत प्रभावी: हा दुष्काळी जिल्हा आहे, येथे माणसांना पाणी नाही, आणि तुम्ही जनावरांच्या शब्दांना पैसे मागता? दुष्काळाचेच उदाहरण घेऊ. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये या जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. माणसे घरदार सोडून जनावरांबरोबर महिनोन्‌महिने छावणीत राहिली. म्हातारी माणसे गोठ्याशेजारी झोपली, मुलांनी तेथेच अभ्यास केला, बायकांनी तेथेच चुली मांडल्या. माणूस जनावराला पोसतो की जनावर माणसाला धरून ठेवते, हे पाहण्याची याहून मोठी प्रयोगशाळा या देशात कोणती होती? तिच्यातून उरले काय? जनावरांच्या संख्या, चाऱ्याची वजने, देयके आणि त्या देयकांवरचे आक्षेप. छावणीवर कोट्यवधी रुपये खर्च झाले. त्यातला एक रुपया जरी तेथल्या माणसांचे बोलणे टिपून ठेवण्यावर खर्च झाला असता, तर पुढचा दुष्काळ आल्यावर छावणी कशी असावी, जनावर विकण्याची वेळ केव्हा येते, कर्ज कशासाठी काढले जाते, हे प्रशासनाला तरी कळले असते.

असे न कळण्याची किंमत आपण वेळोवेळी मोजली आहे. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. सोलापूर आणि शेजारच्या जिल्ह्यातली गावे, शेते, रस्ते सगळे त्यात आले. ज्या माळावर माळढोक राहिला त्याच माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरेही चरली; या सहवासाचा हिशेब नकाशा काढताना कोणी मागितला नाही. पुढे तीन दशकांनी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आणि शेतकऱ्याच्या तोंडी 'माळढोक' हा जमिनीच्या व्यवहारातल्या अडथळ्याचा पर्यायी शब्द झाला. जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेण्यात आले, तेव्हा कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर आला. एका बाजूला तिच्या पायांच्या दुखण्याचे अहवाल होते, दुसऱ्या बाजूला तीन दशकांची भक्ती. अहवालांना भक्ती वाचता येत नव्हती आणि भक्तीला अहवाल. दोन्ही वाचू शकणारी माणसे विद्यापीठांनी घडवायची असतात.

आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके येथून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश दिला. प्रत्येक संस्थेने त्यासाठी नोडल अधिकारी नेमायचा आहे. कुत्रा चावल्याने होणाऱ्या मृत्यूंची भीती खरी आहे. कुंभारीतच ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुत्रा चावल्यावर काय करायचे ही विद्या तेथे शिकवली जाते आणि ती जीव वाचवते. परंतु ती जखम होण्याआधी गल्ली आणि कुत्रा यांच्यात काय चालले होते, कोण भाकरी टाकत होते, कोण दगड, कोणत्या वस्तीत कुत्रा राखणदार आहे आणि कोणत्या वस्तीत शत्रू, हे शिकवणारी विद्या कोठे आहे? भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावणाऱ्या नामदेवाची कथा सांगणाऱ्या, खंडोबापुढे स्वतःला वाघ्या म्हणवणाऱ्या समाजात, जनावराविषयी महाविद्यालयात येणारा कागद हा न्यायालयाच्या आदेशाचा असावा, ही आमच्या विद्याव्यवहाराची शोकांतिका आहे.

मागण्या आम्ही मोघम ठेवत नाही. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या २०२३ च्या कायद्याबरोबर पाच वर्षांत ५० हजार कोटींचे आकडे सांगितले गेले. त्यात मानव्यविद्यांना स्थान आहे ते विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेथे संबंध येतो तेवढ्यापुरते. ठीक आहे. माणूस आणि जनावर यांचे नाते हा असा संबंध नव्हे तर दुसरे काय? त्या दारातून आम्हांला आत घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघुसंशोधन प्रकल्पांची योजना बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर आटली. गावच्या महाविद्यालयातील अध्यापकाला संशोधनाची तीच एक वाट होती. ती पुन्हा खुली करावी. निधी देताना निष्कर्षाची अट घालू नये. गाय थोर आहे असे सिद्ध करण्याची नको आणि शेतकरी क्रूर आहे असे सिद्ध करण्याचीही नको. ज्यांच्याकडून विद्या घ्यायची त्या मेंढपाळाला, हेड्याला, धार काढणाऱ्या बाईला मानधन मिळावे आणि तिचे नाव, तिची संमती असेल तर, अभ्यासकाच्या नावाशेजारी छापले जावे. जे गोळा होईल ते मराठीत, सर्वांना ऐकता-वाचता येईल असे ठेवावे. एम. ए.च्या अभ्यासक्रमात एक ऐच्छिक पत्रिका असावी आणि तिच्यात क्षेत्रकार्याला निम्मे गुण असावेत. यातल्या शेवटच्या मागणीला सरकारचा एक पैसाही लागत नाही. ती अडते ती अभ्यास मंडळात, म्हणजे आपल्याचकडे.

प्रस्ताव आम्ही या वर्षी पुन्हा पाठवला आहे. रक्कम तीच आहे, गावे तीच आहेत. सात शेळ्यांवर अकरा पाने लिहिणाऱ्या त्या विद्यार्थिनीचे नाव तिच्या संमतीने क्षेत्रसहायक म्हणून घातले आहे. अर्जात विषयाचा एक रकाना असतो. मागच्या वेळी तेथे 'आंतरविद्याशाखीय' असे लिहिले होते. या वेळी नुसते 'मराठी' असे लिहिले आहे.